रोड सायकल : बाहेरचा पाऊस, घरातला घाम

नमस्कार मंडळी. मृग तोंडावर आलाय आणि इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच प्रश्न असणार. आता चार महिने सायकल भिंतीला टेकवायची, पावसात काढायची की घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच ठेवून चालवायच्या स्टँडवर, चढवायची? बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. जुलैत कणकुंबीकडं जो पाऊस असतो त्यात शौक म्हणून सायकल काढणाऱ्याला घरचे लोक काय म्हणतात ते मी इथं सांगत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडं सायकलीला आणि सायकलवाल्याला सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा. बाहेर ते पाऊस होऊन येतं, घरात घाम होऊन. घरातल्या पाण्यात मीठ असतं, म्हणून ते जास्त वाईट. पावसात खराब होते म्हणून सायकल घरात आणायची आणि घामानं तिचे बोल्ट गंजवून ऑक्टोबरात बाहेर काढायची, हा प्रकार फार होतो.

आधी बाहेरचं बघू. बेळगावात उभं राहून पश्चिमेकडं निघालात तर लाल माती लागते, पूर्वेकडं गेलात तर काळी. जांबोटी, कणकुंबी, खानापूर हा जांभ्याचा मुलूख. बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळी रानं. दोन्ही चिखलांचे स्वभाव वेगळे आहेत. काळा चिखल चिकट. तो टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत भरतो आणि चाक जाम करतो. रोड सायकलीत ती फट मुळातच चार-सहा मिलिमीटरची. अशा वेळी जोर लावून चाक फिरवू नका, आत दगड अडकला असेल तर फ्रेमचा रंगच काय, कार्बनही खरवडला जातो. उतरायचं, काडीनं चिखल काढायचा. दिसायला हा चिखल भयंकर, पण एकदा धुतला की प्रश्न मिटला.

लाल चिखल साधा वाटतो आणि तोच घात करतो. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे बारीक, टणक कण असतात. रस्त्यावरून उडून ते चेनच्या तेलात मिसळले की पॉलिश पेपर उगाळून लावल्यासारखं होतं. चेनच्या पिना झिजतात, झिजलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दात खाते. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर रबर दाबणारा ब्रेक, असेल तर हेच कण ब्रेकच्या रबरात रुतून बसतात आणि प्रत्येक ब्रेकला रिम कातली जाते. जांबोटीवरून भिजून आल्यावर ब्रेक दाबताना खरखर आवाज येतो, तो हाच. चाक काढा, रबराचा पृष्ठभाग बघा. चकाकणारे कण दिसले तर ते ॲल्युमिनियमचे, तुमच्याच रिमचे आहेत. दाभणानं एकेक उकरून काढा आणि वरून पॉलिश पेपर फिरवा. रिमच्या कडेवर नख फिरवून बघा. मधे खोलगट लागत असेल, किंवा झिजेची खूण म्हणून दिलेली खाच पुसली गेली असेल, तर रिम बदलायची वेळ झाली. झिजलेली रिम हवेच्या दाबानं फुटते, आणि फुटते ती बहुधा उतारावर.

धुण्याची रीत सांगतो, कारण इथं सगळ्यात जास्त चुका होतात. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा सायकलीवर कधीही मारू नका. तो हबच्या (चाकाच्या मध्याच्या), बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या जागेच्या) आणि हँडलच्या बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत ढकलतो आणि ग्रीस बाहेर काढतो. एक बादली, एक मग, दोन ब्रश पुरे. फेरी संपल्यावर चिखल ओला असतानाच वरून मगानं पाणी ओता. मग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यानं आधी फ्रेम, नंतर चाकं, शेवटी चेन. चेनचा ब्रश आणि डिस्कचा (ब्रेकच्या चकतीचा) ब्रश कधी एक करू नका. चेन फार काळी झाली असेल तर रॉकेल किंवा डिझेलनं घासा, पण त्यानंतर साबणाचं पाणी आणि साधं पाणी लागलंच पाहिजे. रॉकेल आत राहिलं तर नवं तेल टिकत नाही. ओल हटवायचा जो स्प्रे घरोघरी असतो त्याला तेल समजू नका. तो गंज सोडवायला ठीक, चेनला वंगण म्हणून दोन-चार फेऱ्याही पुरत नाही.

चेन पूर्ण कोरडी झाल्यावर तेल आतल्या बाजूनं, प्रत्येक रोलरवर एक थेंब. पॅडल उलटं वीस-पंचवीस वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल चिंधीनं पुसून टाका. वंगण रोलरच्या आत हवं असतं. बाहेर राहिलेलं तेल फक्त माती गोळा करतं. पावसात जाड, ओल्या हवेचं तेल, दिवाळीनंतर पातळ किंवा मेणाचं. मेण पावसात एका फेरीत धुऊन जातं, हे आधीच माहीत असू द्या.

चेन किती झिजली हे मोजायला गेज नसेल तर स्टीलची फूटपट्टी चालते. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत नव्या चेनचं अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असतं. ११ किंवा १२ स्पीडच्या (कॅसेटवर तेवढ्या चकत्या असलेल्या) सायकलीच्या चेनला हे माप ३०६.३ झालं, म्हणजे अर्धा टक्का वाढलं, की चेन बदला. ८ ते १० स्पीडला पाऊण टक्का, ३०७.१ पर्यंत चालतं. त्यापुढं ताणलं तर चेनबरोबर कॅसेटही घ्यावी लागते, आणि मग दुकानदाराला नावं ठेवून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बघत नाही. भर पावसात मागच्या चाकाचं पाणी सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या, तोंडातून फ्रेमच्या नळीत उतरतं आणि खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साठतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सीटपोस्टला टेपची खूण करून तो बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. पेलाभर पाणी निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. परत बसवताना धातूच्या पोस्टला ग्रीस, कार्बनच्या पोस्टला कार्बनची पेस्ट. कार्बनला साधं ग्रीस लावलं तर सीट हळूहळू खाली सरकते. मग गुडघा पुढून दुखायला लागतो आणि माणूस गुडघ्याच्या डॉक्टरकडं जातो.

सीटचा विषय निघालाच आहे तर उंची सांगून टाकतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांमधे एक जाड पुस्तक घट्ट वर ओढा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ नं गुणा. ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६ सेंटिमीटर, हे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. ही सुरुवात समजा, पुढं पाच मिलिमीटरच्या टप्प्यानं बदला. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर.

आता टायर. २३ मिलिमीटरचा हट्ट आपल्या रस्त्यांवर सोडा. फ्रेममधे मावत असेल तर २८ घ्या, ३२ मावत असेल तर आणखी छान. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमधे पुढं ७० आणि मागं ७५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास पुरते. ओल्या रस्त्यावर पाच-सात पीएसआय कमी. १०० भरली की वेग वाढतो हा समज आहे. खडबडीत डांबरावर जास्त हवेचं चाक उड्या मारतं, आणि हवेत असलेलं चाक ना पुढं ढकलतं ना थांबवतं. मात्र फार कमी हवाही नको. खड्ड्याच्या काठावर टायर रिमपर्यंत दबला की ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी ही दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ.

एक भोक असेल तर मात्र कारण सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. टायरवरचा छापा व्हॉल्व्हच्या समोर येईल असा बसवायची सवय लावली की ट्यूबचं भोक सापडल्यावर टायरमधली जागाही लगेच सापडते. पूर्वेकडच्या रस्त्यांच्या कडेला सराटा आणि वेडी बाभूळ. सराट्याचा काटा टायरमधेच मोडतो आणि बाहेरून दिसत नाही. महामार्गावर वेगळीच भानगड आहे. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या केसासारख्या पोलादी तारा कडेला पडलेल्या असतात, आणि आपण नेमके कडेनं जातो. ही तार हळूहळू हवा काढते, रात्रीत टायर बसतो. टायरच्या आतून बोट फिरवण्यापेक्षा कापसाचा बोळा फिरवा. तार असेल तिथं कापूस अडकतो. चिमट्यानं बाहेर काढा. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर दोष स्पोकच्या भोकांवरच्या रिम टेपचा. आणि पॅच लावताना सोल्युशन लावून पाच मिनिटं वाळू द्या. ओल्यावर चिकटवलेला पॅच पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही.

घाटासाठी गिअरचा हिशेब एकदाच करून ठेवा. चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळी गावाला गेलात की परत येताना सातशे मीटरहून जास्त चढायचं असतं. २८ च्या टायरचा घेर २.१४ मीटर धरा. ताशी ८ किलोमीटरनं चढत असाल तर पुढं ३४, मागं २८ दात असताना पॅडल मिनिटाला ५१ वेळा फिरतं. मागं ३४ दातांचं चाक लावलं तर ६२ वेळा. एकावन्नला प्रत्येक फेरा गुडघ्यावर येतो, बासष्टला श्वासावर. बेळगावजवळच्या राजहंसगडाचा शेवटचा चढ पाच-दहा मिनिटांचा, तिथं ताकदीवर निभतं. घाटात नाही निभत. कॅसेट बदलायच्या आधी मागच्या डीरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाला) किती दातांपर्यंत चालतं ते तपासा. लांब दांडीचा लागला तर चेनही नवी, लांब लागेल.

आता घरात या.

ट्रेनर साधारण दोन जातींचे. एकात मागचं चाक तसंच राहतं आणि टायर एका रोलरवर दाबला जातो. दुसऱ्यात मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर चढते. पहिल्या जातीत रस्त्याचा चांगला टायर वापरू नका, आठवड्यात त्याचा मधला भाग सपाट होतो आणि रबराची काळी भुकटी फरशीभर. जुना टायर चढवा. हवा दर वेळी तेवढीच, रोलरचा दाब दर वेळी तेवढाच, आणि दहा मिनिटं चालवून टायर तापल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रेनरचं माप जुळवणं. हे पाळलं नाही तर सोमवारचे १६० वॅट आणि गुरुवारचे १६० वॅट यांचा एकमेकांशी संबंध नाही.

दुसऱ्या जातीत कॅसेट बसवताना घोळ होतो. ट्रेनरचा फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) ११ स्पीडचा असेल आणि तुमची कॅसेट ८, ९ किंवा १० स्पीडची, तर मागं १.८५ मिलिमीटरचा स्पेसर लागतो. शिमानोच्या १० स्पीड रोड कॅसेटला त्याशिवाय आणखी १ मिलिमीटरचा. तो विसरला की लॉकरिंग (कॅसेट आवळणारी कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची, म्हणजे चांगलीच घट्ट. एक्सल क्विक रिलीजचा (खटक्यानं सुटणारा) आहे की १२ मिलिमीटरचा थ्रू (आरपार जाणारा), तेही खरेदीआधी बघा. डिस्कवाल्यांनी चाक काढल्याबरोबर कॅलिपरमधे (ब्रेकचे पॅड असतात त्या भागात) प्लॅस्टिकचा तुकडा सरकवायचा. मधे डिस्क नसताना चुकून ब्रेक दाबला की पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग ते मागं सारायला अर्धा तास.

आता गरमी. ट्रेनर घेताना लोक वॅटची अचूकता, आवाज, ॲप यांवर महिनाभर चर्चा करतात आणि पंख्याचा विचारही करत नाहीत. माणसाचं शरीर खाल्लेल्यातला पाचवा ते चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. तुम्ही पॅडलवर १५० वॅट देत असाल तर शरीरातून ५०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडायला हवी. बंद खोलीत छोटा हीटर लावून त्याला मिठी मारून बसल्यासारखं आहे हे. रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाला सेकंदाला साडेपाच मीटरचा वारा आपोआप अंगावर येतो. घरात तो शून्य. ५०० वॅट घालवायला तासाला पाऊण लिटर घाम अंगावरच वाळावा लागतो. ठिबकून खाली पडलेला घाम काही थंड करत नाही. आणि जुलै-ऑगस्टमधे बेळगावच्या हवेत आधीच एवढी ओल असते की दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. तुमचा घाम कसा वाळणार? म्हणून छताचा पंखा पुरत नाही. उभा पंखा समोरून, छातीच्या उंचीवर, मीटरभर अंतरावर. शक्य असेल तर दुसरा मागून तिरका. खिडकी उघडी. पंखा नसेल तर त्याच वॅटला नाडी दर दहा मिनिटांनी चढत जाते. लोकांना वाटतं आपला दम कमी झाला. दम तेवढाच असतो, शरीर तापलेलं असतं.

किती घाम गेला हे मोजायला वजनकाटा पुरे. आधी आणि नंतर, कोरड्या अंगानं वजन करा. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम, प्यालेलं पाणी त्यात मिळवा. पेय घरीच करा: ७५० मिलिलिटर पाणी, ४० ग्रॅम साखर किंवा गूळ, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. पाव चमचा म्हणजे दीड ग्रॅम मीठ, त्यातून सहाशे मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम मिळतं. गूळ निपाणी-कोल्हापूरकडचा चांगला असतो यात वाद नाही, पण गाळून घ्या, नाहीतर बाटलीच्या तोंडात चोथा अडकतो. एक तासाच्या आतल्या कसरतीला खायची गरज नाही. रस्त्यावर दोन तासांवर गेलात तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं पंचवीसच्या आसपास देतं, बाकी चिक्की. बेळगावचा गोड कुंदा फेरी संपल्यावर.

घाम जिथं पडतो तिथं मीठ साठतं: हँडलचा स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हेडसेटचा (हँडल फिरतं त्या जोडाचा) वरचा बेअरिंग, हँडलच्या टेपखालची दांडी, पुढच्या ब्रेकचा बोल्ट. टेपच्या आत ॲल्युमिनियम पांढरं भुगभुगीत होतं आणि वरून काही दिसत नाही. हँडलपासून सीटपर्यंत जुना पंचा किंवा टॉवेल ताणून बांधा. कसरत झाल्यावर साध्या ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. महिन्यातून एकदा स्टेमचे बोल्ट एकेक करून काढा, ग्रीस लावा, स्टेमवर छापलेल्या टॉर्कला परत आवळा. टेप दर वर्षी ट्रेनरचा हंगाम संपल्यावर बदला, जुनी चांगली दिसली तरी.

कसरतीचं म्हणाल तर आठवड्यात तीन दिवस, पाऊण ते एक तास. आधी वीस मिनिटांची चाचणी: जितकं सलग टिकेल तितकं, आणि त्या सरासरी वॅटचे ९५ टक्के म्हणजे तुमचं एफटीपी, साधारण तासभर टिकेल एवढा जोर. ते १८० आलं असं धरू. दोन दिवस सावकाश, ५६ ते ७५ टक्क्यांत, म्हणजे १०१ ते १३५ वॅट. एक दिवस कष्टाचा, ८८ ते ९४ टक्क्यांत, म्हणजे १५८ ते १६९ वॅट, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे, मधे पाच मिनिटं हलकं. बहुतेक जण उलटं करतात. रोज मधल्याच जोरानं चालवतात आणि ऑगस्टमधे कंटाळून सोडून देतात.

स्मार्ट ट्रेनरच्या अर्ग मोडमधे एक सापळा आहे. मशीन ठरलेले वॅट राखतं. वॅट म्हणजे जोर गुणिले फेरे. तुम्ही थकून फेरे कमी केले की मशीन जोर वाढवतं, त्यानं फेरे आणखी कमी होतात, आणि चार सेकंदांत पॅडल चिखलात रुतल्यासारखं थांबतं. लढू नका. दोन सेकंद सोडून द्या, हलक्या गिअरमधे भरभर फिरवायला लागा आणि मग मशीनला परत पकडू द्या. आपल्याकडं दुसरा सापळा विजेचा. पावसात वीज जाते, आणि बऱ्याच स्मार्ट ट्रेनरचा प्रतिरोध विजेबरोबरच जातो. पाय एकदम मोकळे सुटतात. उभं राहून जोर लावत असाल तर तोल जाईल. ट्रेनर, राउटर आणि पंखा तिन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. विसरला जातो तो राउटर.

बूड दुखतं अशी तक्रार येते. रस्त्यावर सायकल हलते, आपण हलतो. ट्रेनरवर ती खिळलेली, त्यामुळं दाब एकाच जागी राहतो. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहा. पुढचं चाक ठोकळ्यावर ठेवून सायकल सपाट करा. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरं काही घालू नका.

नवरात्राच्या सुमारास सायकल रस्त्यावर येते. मागचं चाक, एक्सल, ब्रेक तपासून पहिली फेरी छोटी काढा, कारण चार महिन्यांत तोल आणि वळण घ्यायची सवय मोडलेली असते. झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळाचा हिरवा थर अजून असतो. रेल्वे गेटाचे रूळ काटकोनात ओलांडा, तिरके नको. मग ऊस सुरू होतो. चिकोडी, हुक्केरी, निपाणीकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. उसाची टोकं बाजूला आपल्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. वारा अडतो म्हणून मागं चिकटून जाऊ नका, वरून सुटलेलं एक कांडकं रस्त्यावर लाटण्यासारखं फिरतं. पहाटे निघत असाल तर मागचा दिवा लावा. पण उभ्या ट्रॉलीला बहुतेक वेळा दिवा नसतो, म्हणून पुढचा दिवा रस्ता दिसेल एवढ्या उजेडाचा हवा.

आणि खंडेनवमीला सायकलीची पूजा करणार असाल तर जरूर करा. हळद-कुंकू हँडलला किंवा फ्रेमला लावा. डिस्कला आणि रिमला नको. तेलाचं बोट तर डिस्कच्या आसपासही नको. पॅडनं तेल एकदा शोषलं की ते घासून जात नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायची आणि पॅड नवे टाकायचे. झेंडूचा हार चाक फिरवायच्या आधी काढून ठेवा.